पुण्यात नऊ महिने फायनान्सचा जॉब शोधतोय, मिळत नाही; सोलापूरला परत येऊ का?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. सोलापुरातून बीकॉम, मग पुण्यात एमबीए फायनान्स, त्यासाठी एज्युकेशन लोन, आता नऊ महिने वाकडला पीजीत राहून जॉब शोधतोयस, तीनशेच्या वर ठिकाणी अप्लाय केलं, सहा इंटरव्ह्यू झाले, दोन ठिकाणी सेकंड राउंडपर्यंत गेलास आणि मग कुणी फोनच उचलला नाही. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, आई घरी विड्या वळते. एक कन्सल्टन्सी पंधरा हजार मागतेय. तू विचारलंयस की सीएफए, म्हणजे गुंतवणुकीच्या कामाची ती आंतरराष्ट्रीय परीक्षा, लावू का, मिळेल तो जॉब धरू का, का सोलापूरला परत येऊ. आणि शेवटी हळूच एक ओळ लिहिलीयस, की परत आलो तर लोक काय म्हणतील आणि बाबांना काय सांगू. तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, चालेल ना.

मी सोलापूरचीच. अकाउंट्समध्ये एकोणीस वर्षं झाली. पहिली चार एका टॉवेल एक्स्पोर्ट युनिटमध्ये, मग सात वर्षं पुण्यात खराडीला शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांची अकाउंट्स सांभाळणाऱ्या ऑफिसात, आणि गेली आठ वर्षं सोलापुरात माझं स्वतःचं अकाउंट्सचं ऑफिस आहे, नऊ माणसं आहेत, टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले, दोन हॉस्पिटलं, एक पतसंस्था अशांची कामं करतो. मी सीए नाही, एमकॉम आहे, ऑडिट रिपोर्टवर सही सीएंची असते आणि त्याच्या आधीचं सगळं आम्ही करतो. दरवर्षी तीन-चार पोरं मी घेते आणि त्यासाठी चाळीसेक जणांशी तरी बोलते, त्यामुळं टेबलाच्या अलीकडं बसून काय दिसतं ते तुला सांगू शकते.

आधी एक सांगते, नऊ महिने लागले म्हणजे तुझ्यात काही कमी आहे असं डोक्यात घेऊ नको. वाकड, कोथरूड, कर्वेनगर इथल्या पीजींमध्ये लातूर, नांदेड, सांगली, सातारा, आपलं सोलापूर, सगळीकडची पोरं एकाच प्रकारची डिग्री घेऊन बसलीत. मोठ्या कंपन्या फ्रेशर घेतात ते जास्त करून ठराविक कॉलेजांच्या कॅम्पसमधून घेतात, बाहेरून अप्लाय करणाऱ्याला उरलेल्या जागा. त्याच जागांसाठी सीएची मधली परीक्षा म्हणजे इंटर झालेली, सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करून आलेली पोरं पण उभी असतात, आणि त्यांच्याकडं डिग्री तुझ्यापेक्षा कमी असली तरी हाताला काम लागलेलं असतं. आणि अजून एक बदललंय, मी पुण्यात लागले तेव्हा आम्ही वीस-पंचवीस जण नुसती इनव्हॉइस एंट्री मारायचो, आता ते बिल स्कॅन केलं की सॉफ्टवेअर स्वतः वाचतं. म्हणजे जिथून आम्ही आत शिरलो ती सगळ्यात खालची पायरीच अरुंद झालीय. ह्यात तुझा काय दोष.

पण एक गोष्ट तुझ्या हातात होती आणि ती चुकलीय असं मला वाटतं. तू कुठं कुठं अप्लाय केलं त्याची यादी दिलीयस, त्यात इक्विटी रिसर्च आहे, क्रेडिट अॅनालिस्ट आहे, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह आहे, इन्व्हेस्टमेंट बँकिंग आहे, केवायसी अॅनालिस्ट आहे, एफपी अँड ए म्हणजे बजेट आणि अंदाजाचं काम आहे, बँकेत रिलेशनशिप ऑफिसर पण आहे. अरे ही सात वेगवेगळी कामं आहेत. मेडिकलला जाणाऱ्यानं डेंटिस्ट, नर्स, फार्मासिस्ट, एक्स-रे टेक्निशियन सगळीकडं एकच बायोडाटा पाठवल्यासारखं झालं हे. तुझा रिझ्युमे उघडणाऱ्याला कळतच नाही की ह्या पोराला नक्की कुठल्या खुर्चीवर बसवायचं, आणि त्याच्यासमोर दोनशे रिझ्युमे असतात, कळलं नाही की तो पुढच्यावर जातो. बाजारात गर्दी आहे ती 'फायनान्समध्ये काहीपण चालेल' म्हणणाऱ्यांची. 'मला महिन्याचं क्लोजिंग येतं', म्हणजे महिन्याची पुस्तकं बंद करता येतात, म्हणणारं पोर मला आजपण शोधावं लागतं, आणि पुण्यातल्या माझ्या जुन्या टीममधले लोक पण हेच सांगतात.

म्हणून खुर्च्या कुठल्या आहेत ते बघ. इक्विटी रिसर्च आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग ह्या जागा मुळातच कमी, त्यातल्या बऱ्याच मुंबईत, आणि तिथं सीए, मोठ्या संस्थांचे एमबीए, सीएफएची लेव्हल पास झालेले असे सगळे रांगेत. बँका आणि एनबीएफसी म्हणजे लोन देणाऱ्या फायनान्स कंपन्यांत तुला जे 'क्रेडिट' किंवा 'रिलेशनशिप' म्हणून दाखवतात ते पुष्कळ वेळा सेल्स असतं, लोन विकायचं, अकाउंट उघडायचं, टार्गेट असतं. ते वाईट नाही, माझा एक विद्यार्थी त्यातून ब्रँच मॅनेजर झालाय, पण ते सेल्स आहे हे कळून जा, सहा महिन्यांनी रडत बाहेर पडू नको. तिसरी खुर्ची शेअर्ड सर्व्हिस सेंटरची, खराडी, मगरपट्टा, हिंजवडी, येरवडा इकडं ही आहेत, तिथं परदेशातल्या कंपनीची अकाउंट्स चालतात आणि काम तीन भागांत असतं, व्हेंडरची बिलं तपासून पेमेंट करणं म्हणजे पी-टू-पी, कस्टमरला बिल करून पैसे वसूल करणं म्हणजे ओ-टू-सी, आणि महिन्याचं पुस्तक बंद करून रिपोर्ट काढणं म्हणजे आर-टू-आर. आणि चौथी खुर्ची साध्या कंपनीतलं अकाउंट्स आणि टॅक्स, चाकण, भोसरी, चिंचोली, जिथं कारखाना आहे तिथं ही खुर्ची आहेच. तुझ्या प्रोफाइलला तिसरी आणि चौथी जवळची आहे, आणि चौथीवरून तिसरीवर जाता येतं, मी तशीच गेले.

आता इंटरव्ह्यूत काय होतं ते सांगते, कारण तू लिहिलंयस की 'उत्तरं तर सगळी दिली होती'. मी इंटरव्ह्यूत प्रश्न फार विचारत नाही. लॅपटॉप पुढं ठेवते, एका टॉवेल युनिटचं बँक स्टेटमेंट आणि टॅलीतलं बँक लेजर, नावं बदलून, साधारण चाळीस ओळी, आणि सांगते जुळव. अर्धा तास. त्यात मी चार गोष्टी पेरलेल्या असतात. एक चेक दिलाय पण अजून वटला नाही, बँकेनं चार्जेस कापलेत ते पुस्तकात नाहीत, एका मुंबईच्या पार्टीनं माल खराब आला म्हणून बिलातनं पैसे कापून पाठवलेत, आणि एका ठिकाणी ६८,३०० ऐवजी ६३,८०० अशी एंट्री पडलीय. एमबीएवाली पोरं बँक रिकन्सिलिएशनची व्याख्या सुंदर सांगतात आणि मग लॅपटॉपसमोर घाम फुटतो. दोन वर्षांपूर्वी बार्शीकडची एक मुलगी आली होती, साधी बीकॉम, गावातल्या पतसंस्थेत एक वर्ष काम केलेली. तिनं तीन फरक काढले, शेवटी साडेचार हजार उरले. तर ती म्हणाली मॅडम, ह्याला नऊनं भाग जातोय, म्हणजे कुठंतरी आकडे उलटे पडलेत, आणि दोन मिनिटांत ती एंट्री तिनं शोधली. हे तिला पुस्तकानं नाही शिकवलं, पतसंस्थेतल्या म्हाताऱ्या कॅशियरनं शिकवलं होतं. ती आज माझ्याकडं तीन युनिट एकटी सांभाळते.

दुसरा प्रश्न मी असा टाकते, की आपल्या पुस्तकात ह्या महिन्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला आणि वळता करून घ्यायचा जीएसटी, बारा लाख दिसतंय आणि टू-बीमध्ये, म्हणजे व्हेंडरनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल काढतं त्या यादीत, दहा लाख ऐंशी हजार, तर तू काय करशील. 'व्हेंडरला फोन करीन' एवढंच उत्तर आलं की मला कळतं हा कधी ह्या कामाला बसला नाही. बसलेला माणूस म्हणतो, आधी बघतो कुणाकुणाची बिलं नाहीत, त्यातले तिमाही रिटर्नवाले कोण, कुणी आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकलाय, कुठलं बिल मागच्या महिन्यात येऊन गेलंय, क्रेडिट नोट कुणाची आलीय, आणि जे टू-बीत नाही त्याचं क्रेडिट ह्या महिन्यात घेत नाही. हे उत्तर पाठ करून येत नाही रे, म्हणजे तू आता हे वाचून पाठ करशील पण मी पुढचा प्रश्न विचारला की उघडं पडेल. २०२५ च्या २२ सप्टेंबरला कपड्यांचे रेट बदलले, त्याआधी हजाराच्या आतल्या नगाला ५ टक्के आणि वर १२, आणि नंतर अडीच हजारांपर्यंत ५ आणि वर १८. आपल्या युनिफॉर्मवाल्यांकडं चौदाशेचा शाळेचा ब्लेझर होता तो १२ वरून ५ वर आला. मग शाळेनं जुन्या बिलातला माल नंतर परत केला तर क्रेडिट नोट कुठल्या रेटनं काढायची? मूळ बिलाच्या, म्हणजे १२ नं. त्या पंधरवड्यात जे पोर कुठल्याही युनिटमध्ये बसून होतं त्याला हे आयुष्यभर विसरायचं नाही, आणि तू तेव्हा वाकडला बसून ईझी अप्लाय दाबत होतास. रागावून नाही म्हणत, वाईट वाटतं म्हणून म्हणते.

तर माझं मत असं, की पीजी सोड आणि सोलापूरला ये, पण वर्षासाठी ये आणि ठरवून ये. कुणाच्या तरी खऱ्या पुस्तकांवर सलग दहा-बारा महिने बस, आणि मग पुण्यात परत अप्लाय कर. पुणं काही लांब नाही, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून इंटरव्ह्यूला जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं घरी येता येतं, माझ्याकडची दोन पोरं असंच करून लागलीत, रजा मीच दिली त्यांना.

सोलापुरात कुठं, तर पहिलं सीएचं ऑफिस, कारण तिथं एकाच वर्षात तुला वीस प्रकारचे धंदे दिसतात. दुसरं एक्स्पोर्ट करणारं टॉवेल युनिट. तिथं बाहेरचा कस्टमर असतो, डॉलरमधलं बिल, शिपिंग बिल, एलयूटी म्हणजे हमीपत्रावर टॅक्स न भरता माल पाठवणं, मग अडकलेल्या क्रेडिटचा रिफंड मागणं, आरओएससीटीएल, म्हणजे निर्यातीच्या मालावरच्या टॅक्सपोटी सरकारकडून मिळणारं क्रेडिट, आलं का बघणं, बँकेतून पैसे आल्याचं सर्टिफिकेट म्हणजे ई-बीआरसी जुळवणं, हे सगळं एका टेबलावर होतं. पुण्यात शेअर्ड सर्व्हिसमध्ये मला घेतलं ते ह्याच्यामुळं घेतलं, त्यांना वाटलं ही मुलगी परदेशी कस्टमरच्या पैशाचा हिशोब ठेवून आलीय. तिसरं युनिफॉर्म आणि गारमेंटवाले, तिथं जॉबवर्क फार, कापड कुठल्या शिलाईवाल्याकडं किती गेलं आणि किती परत आलं हे सांभाळणं म्हणजे स्टॉकचा हिशोब शिकणं. साखर कारखान्यांचं अकाउंट्स पण मोठं असतं आणि आपल्या जिल्ह्यात कारखाने भरपूर, पण तिथं नवीन पोराला एकाच खात्यात वर्षभर बसवतात असा माझा अनुभव आहे, म्हणून मी त्याला चौथ्या नंबरवर ठेवते. पतसंस्था, अर्बन बँक पण चालेल, तुला पुढं बँकिंगकडं जायचं असेल तर तीच बरी.

पगाराचं खोटं सांगणार नाही. माझ्याकडं नवीन पोराला बारा ते चौदा हजार सुरुवात आहे. एमबीए करून बारा हजार ऐकायला लागतं हे मला कळतं, पोटात तुटतं. पण तू पुण्यात पीजी, मेस, जाणं-येणं मिळून तेवढेच घालवतोयस आणि ते घरून येतायत. घरी राहिलास तर तेच बारा हजार हातात आहेत. आणि लोनचा हिशोब कर, बऱ्याच बँकांत कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, तुझे नऊ महिने गेलेत. व्याज मात्र त्या काळातपण चढत असतं. तुझ्या बँकेचं सँक्शन लेटर काढून हप्ता नक्की कधीपासून आहे ते आजच वाच, कारण तुझा निर्णय किती लवकर व्हायला पाहिजे ते त्या तारखेवर आहे, माझ्या मतावर नाही.

इथं पण एक धोका आहे. छोट्या मालकाला पोरगा मिळाला की तो त्याला बँकेत पाठवतो, चेक आणायला पाठवतो, मार्केट यार्डला ट्रान्सपोर्टची पावती घ्यायला पाठवतो, आणि वर्ष संपतं. थोडं ते करावं लागतंच. पण जॉइन व्हायच्या आधी मालकाशी किंवा सीएंशी सरळ बोल, की सर पगार थोडा कमी चालेल पण तीन गोष्टी माझ्या हाताखाली द्या, बँक रिको म्हणजे बँकेची जुळवणी, जीएसटीचं महिन्याचं काम आणि येणं बाकीची यादी. ज्यानं हे ऐकून नाक मुरडलं तिथं जाऊ नको. दुसरा धोका म्हणजे राहून जाणं. मी पहिल्या ठिकाणी चार वर्षं राहिले, त्यातली शेवटची दोन तेच तेच करत होते, आणि पुण्यात पहिल्या चार इंटरव्ह्यूत मला विचारलं एसएपी, म्हणजे मोठ्या कंपन्यांतलं अकाउंट्सचं सॉफ्टवेअर, माहितीय का, एक्सेलमध्ये पिव्होट येतं का, आणि मला टॅलीच्या बाहेरचं काहीच येत नव्हतं. म्हणून तू संध्याकाळचा एक तास एक्सेलला दे, एक्सलुकअप, समइफ्स, पिव्होट, एवढं डोळे झाकून आलं पाहिजे, आणि ते ऑफिसच्या खऱ्या डेट्यावर करून बघ, यूट्यूबवरच्या फळांच्या यादीवर नको. एसएपीचा साठ-सत्तर हजारांचा क्लास मात्र आत्ता लावू नको, ऑर्डर, माल आल्याची पावती आणि इनव्हॉइस असं तीन जागी मॅच का करतात हे ज्याला कळत नाही त्याला एसएपीतलं बटण कळून उपयोग नाही, आणि ज्याला कळतं त्याला कंपनी पंधरा दिवसांत बटणं शिकवते.

आता 'डिपेंड करतं' ते सांगते, कारण सगळ्यांना हे लागू नाही. तुझ्या सेकंड राउंडवाल्या दोन ठिकाणांपैकी एक शेअर्ड सर्व्हिस होतं, तिथून किंवा तसल्या ठिकाणाहून जर स्टाफिंग एजन्सीच्या पेरोलवर अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट मिळत असेल तर सोलापूर विसर आणि ते घे. पोरं काँट्रॅक्ट म्हणलं की मागं सरतात, पण काम तेच असतं, टीम तीच असते. हप्ता जर खरंच पुढच्या दोन महिन्यांत सुरू होत असेल आणि घरात दुसरा आधार नसेल तर आधी जो पगार मिळेल तो घे, सेल्स असला तरी, आणि अकाउंट्सकडं मागाहून ये. तुला मनातून सीए व्हायचं असेल तर चोविसाव्या वर्षी उशीर झालेला नाही, बीकॉमला ५५ टक्के असतील तर थेट इंटरला नोंदणी होते आणि २०२३ पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची केलीय. पण निकाल कडक असतो, अभ्यासाचा दम आहे का हे तुझं तूच विचार. बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर दे, फक्त त्याला शेवटची तारीख ठरव.

सीएफएबद्दल. आत्ता नको. तीन लेव्हल आहेत, एका लेव्हलची फी रुपयात लाखाच्या घरात जाते, आणि नाव लावायला परीक्षेसोबत चार हजार तासांचा संबंधित कामाचा अनुभव पण लागतो. जो आधीपासून त्या कामात बसलाय त्याला ती वर नेते. ज्याला दारच उघडलं नाही त्याला नुसती पहिली लेव्हल दार उघडून देते असं मी तरी बघितलं नाही. शेअर, कंपन्यांचा अभ्यास खरंच आवडतो का हे बघायचं असेल तर सेबीच्या एनआयएसएम संस्थेची रिसर्च अॅनालिस्टची परीक्षा दे, दोन हजारांच्या आसपास काम होतं, अभ्यास करताना कंटाळा आला तर कळेलच.

कन्सल्टन्सीला पंधरा हजार देऊ नको. एक रुपया देऊ नको. ज्याला कंपनीसाठी माणूस शोधायचाय त्याला पैसे कंपनी देते, उमेदवार देत नाही. 'रजिस्ट्रेशन', 'ट्रेनिंग डिपॉझिट', 'डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन', नाव काही असू दे. माझ्याकडच्या एका पोरानं असे बावीस हजार दिले होते, आईची बांगडी मोडून, ऑफर लेटर पण आलं, कंपनीचं नाव खरं, लोगो खरा, मेल मात्र साध्या जीमेलवरून. तो लेटर घेऊन गेटवर गेला तेव्हा सिक्युरिटीनं सांगितलं की ह्या आठवड्यातला तू तिसरा. ऑफर आली की कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथं फोन कर, लेटरवरच्या नंबरला नाही.

रिझ्युमेचं बोलते. तू मजकूर दिलायस त्यात पहिलीच ओळ 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करून ऑर्गनायझेशनच्या ग्रोथला हातभार' अशी आहे, ती काढ, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ रिझ्युमेत तीच असते. एमबीएचा प्रोजेक्ट 'रेशो अॅनालिसिस' आहे, तो ठेव पण एका ओळीत. छंद काढ. आणि भाषांमध्ये तू फक्त मराठी, हिंदी, इंग्लिश लिहिलंयस. अरे तू सोलापूरचा, तूच लिहिलंयस की घरी तेलुगू बोलता आणि आजोळ अक्कलकोटकडं म्हणून कन्नड पण समजतं. ओ-टू-सीच्या वसुली टीममध्ये हैदराबाद, बंगळूरच्या कस्टमरला फोन करायला ही भाषा सोनं आहे, माझ्या खराडीच्या टीममध्ये एका सोलापूरच्याच पोराला निव्वळ ह्यासाठी साउथचं पोर्टफोलिओ दिलं होतं. वरती लिही ते. आणि वर्षभरानं त्याच रिझ्युमेवर 'दोन युनिट, महिन्याला साडेतीनशे परचेस बिलं, टू-बी जुळवणी आणि बँक रिको स्वतः, ९० दिवसांवरची येणं बाकी अमुकवरून अमुकवर आणली' अशी एक ओळ असेल, फक्त खरी असू दे, कारण पहिला प्रश्न तिच्यावरच येणार.

तीनशे अप्लाय करू नको. महिन्याला पंधरा कर, एकाच प्रकारच्या जागेला, आणि प्रत्येकाच्या आधी त्या कंपनीत आपलं कोण आहे ते शोध. हिंजवडी-खराडीत सोलापूरची पोरं किती आहेत माहितीय ना, सिद्धेश्वर यात्रेला गड्ड्यावर जानेवारीत सगळी भेटतात. त्यांना 'जॉब बघ ना' असा मेसेज टाकला की ते गप्प बसतात, कारण त्यांच्या हातात तो नसतो. त्यांना विचार, की तुमच्या टीममध्ये महिनाअखेरीला काय काम असतं, फ्रेशरचं काय चुकतं, दहा मिनिटं बोलाल का. बोललेला माणूस पुढं रेफर करतो, आणि बऱ्याच कंपन्यांत रेफर केलेला माणूस लागला तर त्याला पैसे पण मिळतात, त्यामुळं तो काही उपकार करत नाही, लाजू नको.

आणि बाबांचं. लोक काय म्हणतील ते महिनाभर म्हणतील, नंतर त्यांना दुसरं कुणीतरी सापडतं. पण बाबांना 'जमलं नाही म्हणून आलो' असं सांगू नको, ते खरं पण नाही. त्यांना कागदावर दाखव, पीजीचे एवढे वाचले, पगार एवढा, हप्ता ह्या तारखेपासून, त्यातला माझा वाटा एवढा, आणि पुढच्या वर्षी ह्या महिन्यापासून पुण्याला परत अप्लाय. लूमवर काम केलेल्या माणसाला आठवड्याचा हिशोब कसा लागतो हे मी कारखान्यात बघितलंय, मीटर आणि रेट त्यांच्या तोंडावर असतो, पगाराच्या चिठ्ठीतला दहा रुपयांचा फरक ते उभ्या उभ्या सांगतात. माझे वडील पण मिलमध्येच होते. मी पुण्याहून परत आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, महिन्याला किती येणार आणि किती जाणार. मी सांगितलं. ते म्हणाले, मग जेवून घे.

सोलापुरात आलास की ऑफिसं फिरायला लागशील, तर महिन्याच्या ११ ते २० मध्ये कुणाकडं जाऊ नको. ११ ला विक्रीचं जीएसटी रिटर्न आर-वन, १४ ला टू-बी येतं, १५ ला पीएफ, २० ला टॅक्स भरायचं रिटर्न थ्री-बी, त्या दिवसांत कुणी मान वर करून बघत नाही आणि तुझा रिझ्युमे बिलांच्या गठ्ठ्याखाली जातो. २१ ते २५ च्या मध्ये जा, सकाळी साडेदहाला, सीए आणि मालक बाहेर पडायच्या आधी. रिझ्युमेसोबत पेनड्राइव्हमध्ये एक्सेलची एक फाइल ने, तुझ्या स्वतःच्या बँक खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन, खर्चाच्या प्रकाराप्रमाणं लावून, महिन्याची शिल्लक जुळवलेली. बघायला दिलीस तर दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत समोरच्याला कळतं की हा पोरगा उद्यापासून टेबलावर बसू शकतो का.